पळवायला आलेला मुराळी

आजच्या या सत्कार सोहळ्याचे अध्यक्ष, गावातल्या प्रत्येक भांडणाचे शेवटचे न्यायाधीश, आदरणीय बन्सीधरराव. मुंबईच्या सिनेसृष्टीत सहायक दिग्दर्शक म्हणून नाव काढलेले आपल्या परभणीचे सुपुत्र बालाजी. आजच्या सत्कारमूर्ती, मला थोरल्या बहिणीच्या जागी असलेल्या नागुबाई. त्यांचे यजमान शिवप्रकाशआप्पा. समोर बसलेल्या माता-भगिनी, वडीलधारी मंडळी, आणि तिकडं कनातीला टेकून उभे असलेले माझे तरुण मित्र, ज्यांना मी हात जोडून सांगतो की कनातीला टेकू नका, तो बांबू मघाशीच हलला आहे. आपणा सर्वांना या दत्तराव मंडपवाल्याचा सविनय नमस्कार.

मंडळी, भाषणाला मी आज पहिल्यांदाच उभा आहे. हसू नका. आपल्या झरीत आणि आजूबाजूच्या गावांत आजवर जेवढी म्हणून भाषणं झाली ती सगळी मी ऐकली आहेत. पण कुठून? स्टेजच्या मागून, माईकच्या मशीनजवळ बसून. "दोन शब्द बोलून माझं भाषण संपवतो" म्हणणारे पुढारी जेवणं गार होईपर्यंत बोलतात, हे मी पाहिलंय. माझं स्वतःचं भाषण मात्र "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग" याच्या पुढं कधी गेलं नाही. फार तर लग्नात, "नवरीच्या मामांनी ताबडतोब मंडपात यावं." संपलं आमचं वक्तृत्व!

मग आज मला का उभं केलं? तर सगळ्यांचं म्हणणं पडलं की दत्तराव, जे घडलं ते तुझ्या डोळ्यांदेखत घडलं, तूच सांग. एक कारण हे. दुसरंही एक कारण आहे, ते शेवटी सांगेन. शिवप्रकाशआप्पा, तुम्ही आत्तापासून गालात हसू नका, तुमच्या हसण्यानं सगळं फुटेल.

आणखी एक खुलासा. अध्यक्ष महोदयांनी मघाशी चारचौघांत माझी हजेरी घेतली. "दत्तराव, स्टेज इतकं बुटकं का केलंस? मागच्या माणसाला काय पाहुण्यांचं डोकं दिसणार?" साहेब, तक्रार रास्त आहे. पण स्टेज चुकून बुटकं झालेलं नाही. माप घेऊन बुटकं केलंय. कशाचं माप, तेही शेवटी.

तर मूळ विषयाकडं येतो. बनी तो बनी, नहीं तो परभणी, असं आपल्याला बाहेरचे लोक चिडवत आलेत. त्या लोकांना माझा आज उलटा सवाल आहे. सांगा, कुणाचं बनलं? अख्ख्या देशात लागलेल्या हिंदी पिक्चरात, मोठमोठे नट असताना, टाळ्या कुणाला पडल्या? आमच्या नागुबाईंना! वाजवा की टाळ्या, हात काय भाड्यानं आणलेत का?

बाहेरगावची मंडळी आहेत म्हणून पिक्चरची गोष्ट थोडक्यात सांगतो. एक बाप असतो, श्रीमंत आणि चिक्कट. त्याला एकुलती एक पोरगी. बापाला तिच्याकडं बघायला सवड नाही. मग पोरगी काय करते? आपल्याच मित्रांना हाताशी धरून आपलं स्वतःचंच अपहरण घडवून आणते! गावाकडं मावशीच्या घरी येऊन राहते, ठरल्या दिवशी एक मित्र तोंडाला फडकं बांधून जीप घेऊन येतो आणि तिला उचलतो. बाप खंडणी घेऊन पळतोय, पोलीस बापामागं पळतायत, मधेच खरे गुंड घुसतात, कुणी कुणाला पळवलंय हे कुणालाच कळेना! माझं तर हसून हसून पोट दुखलं. त्यात ती जीप माझी. मंडपाचे बांबू वाहणारी. तिच्या मागच्या फळक्यावर "दत्तराव मंडप, झरी" असं लिहिलेलं सगळ्या हिंदुस्थानानं वाचलं आणि मला एका पैशाची जाहिरात करावी लागली नाही.

तर गेल्या वर्षी श्रावण लागला आणि बालाजी ही सगळी पलटण घेऊन आपल्याकडं आले. दिग्दर्शकाला जुनी ओसरी, समोर कडुनिंब आणि लांबपर्यंत दिसणारा रस्ता हवा होता. तो नागुबाईंच्या दारात मिळाला. मांडव, पाणी, लाइट, सगळं काम माझ्याकडं. आणि नागुबाईंना एक काम मिळालं. शेजारणीचं काम. पोरीला जीपमध्ये घालताना पाहायचं, दार अडवायचं आणि ओरडायचं, "बचाओ!" एवढा एकच शब्द.

त्या एका शब्दासाठी या बाईनं काय तालीम केली म्हणता! सकाळी सडा टाकताना बचाओ. म्हशीला वैरण टाकताना बचाओ. शिवप्रकाशआप्पा सांगतात, एकदा देवपूजेला बसल्यावर "ॐ नमः शिवाय" म्हणता म्हणता बचाओ निघालं. शेजारच्या पंचफुला काठी घेऊन दोनदा धावत आल्या. तिसऱ्यांदा आल्याच नाहीत. म्हणाल्या, आता खरंच कुणी नेलं तरी मी येत न्हाई.

शूटिंगचा दिवस उजाडला. पंचमी तोंडावर आली होती. आता पंचमी म्हणजे आपल्याकडं काय, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. पण बालाजींबरोबर मुंबईचे पाहुणे आलेत, त्यांना सांगतो. पंचमीला सासरची लेक माहेरी जाते. आपली आपण जात नाही हं, तिला न्यायला माहेरचं माणूस यावं लागतं. भाऊ येतो. त्याला आम्ही मुराळी म्हणतो. मुराळी दारात आला की त्याला पाणी, त्याला जेवण, मग लेकीच्या कपाळाला कुंकू, ओटीत तांदूळ-नारळ, आणि मग निघायचं. रिकाम्या ओटीनं आणि उपाशी मुराळ्याबरोबर आमची लेक उंबरा ओलांडत नाही. लखपतीच्या घरची असो की शेतमजुराच्या.

कॅमेरा सुरू झाला. दिग्दर्शक खुर्चीवर, बालाजी त्यांच्या शेजारी, मी लाइटच्या खांबाला धरून उभा. वाऱ्यानं खांब पडू नये म्हणून. माझी जीप धुरळा उडवत आली. गुंडाचं सोंग घेतलेल्या मित्राचं काम करणारा तो मुंबईचा नट खाली उतरला, तोंडाला फडकं. आणि नायिका घरातून बाहेर आली. अपहरण खोटं, तिनंच रचलेलं. त्यामुळं तिनं आधीच कपड्यांची पिशवी भरून ठेवलेली. अंगावर चांगली साडी. गाडी पाहून गालात हसली, पिशवी उचलली आणि निघाली.

नागुबाई पुढं आल्या. तोंड उघडलं. आता बचाओ येणार. आणि बाईंचं तोंड उघडंच राहिलं. मी त्यांच्या डोळ्यांकडं पाहिलं. त्या पोरीच्या पिशवीकडं बघत होत्या.

अहो, त्यांचंही काय चुकलं? श्रावणाचा महिना, पोरगी पिशवी भरून दारात, आणि रस्त्यावर गाडी घेऊन आलेला एक बाप्या. पळवून न्यायची पोरगी कधी पिशवी भरून बसते का? या मुलखात अशा देखाव्याचा एकच अर्थ होतो. बाई शूटिंग विसरल्या. कॅमेरा विसरल्या. बचाओ तर कुठल्या कुठं गेलं. दोन्ही हात पसरून त्यांनी दार अडवलं, ते मात्र सांगितल्यासारखंच अडवलं, आणि ओरडल्या,

"आरं ए बाबा! आसं कसं न्यायलास लेकीला? ओटी भरल्याबिगर?"

तो नट गडबडला. म्हणाला, "क्या?"

"क्या काय क्या? आन मुराळी हाईस तर त्वांड कशाला झाकून आलास? उनाचं बांदलंस का? सोड ते फडकं. घामानं भिजलास की रं."

आणि फर्रकन फडकं ओढलं! गुंडाचं तोंड उघडं! त्याला दंडाला धरून ओसरीवर बसवला. तांब्याभर पाणी दिलं. आत गेल्या आणि धपाटं, दही, ठेचा घेऊन आल्या. बालाजींनी दिग्दर्शकाच्या कानात विचारलं, "सर, कट?" दिग्दर्शकानं नुसता हात वर केला. गप्प राहा म्हणून. नट हुशार, तोही थांबला नाही. खाल्लं त्यानं. खरंच खाल्लं, ठेचा लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि बाई पदरानं वारा घालायला लागल्या.

मग त्यांनी त्या नायिकेच्या कपाळाला कुंकू लावलं, ओटीत तांदूळ घातले, आणि त्या गुंडाकडं वळून म्हणाल्या... हे वाक्य तुम्ही थेटरात ऐकलंय, फोनवर ऐकलंय, पोरं एकमेकांना पाठवतात. तरी मी पुन्हा म्हणतो.

"बरं झालं बाबा, आलास. लय वाट बगितली पोरीनं. दर पंचमीला दारात बसायची. येत न्हाई कुनी म्हनलं तरी रस्त्याकडंच बगायची."

थेटरात या वाक्याला शिट्ट्या पडल्या. पडणारच. गुंडाला कुणी असं म्हणतं का? पुढं पोलीस येऊन विचारतो, गुंड कैसा दिखता था, तर नागुबाई म्हणतात, "गुनी लेकरू हाय, ताटात काय टाकलं न्हाई त्यानं." तिथं तर मी माझ्या पुढच्या खुर्चीवरच्या माणसाच्या पाठीत गुद्दा घातला, ओळख ना पाळख. बचाओवालं शूटिंगही नंतर झालं बरं का. बाई खणखणीत ओरडल्या. पण दिग्दर्शकानं पिक्चरात ठेवलं ते पहिलंच.

पण मंडळी, मी तर त्या ओसरीपाशी उभा होतो. मला हसू आलं नाही. कारण ती पोरगी कोण, दारात बसणारी, रस्त्याकडं बघणारी, हे मला माहीत होतं.

नागुबाई, डोळे वटारू नका. मला ठाऊक आहे तुम्ही काय म्हणताय. "बास करा दत्तराव." नाही करणार. आज माईक माझ्या हातात आहे, आणि मशीनही माझंच आहे.

सांगतो. नागुबाईंची लेक धनश्री, ती बघा तिसऱ्या रांगेत बसली आहे, तिचं लेकरू आता शाळेत जायला लागलं. तर धनश्रीचं लग्न याच मैदानात झालं, मंडप माझाच. नागुबाईंना एकच भाऊ, जिंतूरचे शिवमूर्तीआप्पा. मुलीच्या पाठीशी उभं राहायचा मान मामाचा. घटका भरत आली आणि मामांचा पत्ता नाही. जिंतूरहून निघालेली एसटी बोरीच्या अलीकडं बंद पडली होती, हे आम्हाला पुढं कळलं. त्या रस्त्यावर तेव्हा कुठं फोनला रेंज मिळत होती! लग्न लावणारे स्वामी घाई करायलेत, नवरदेवाकडची मंडळी तोंडं वाकडी करायलीत. मी माईकवरून पुकारलं, "नवरीचे मामा शिवमूर्तीआप्पा, जिथं असाल तिथून मंडपात यावं." कुणी नाही. परत पुकारलं. कुणी नाही. मग काय झालं माहीत आहे? ही बाई, नवरीची आई, भरजरी शालू नेसलेली, स्वैपाकघराच्या बाजूनं माझ्या मशीनपाशी आली. हात जोडले. म्हणाली, "दत्तराव, अजून एकदा पुकारा. माझा भाऊ येतो. येतोच तो."

मी पुकारलं. शेवटी चुलतभावाला उभं केलं आणि अक्षता पडल्या. आणि त्याच घडीला शिवमूर्तीआप्पा मंडपाच्या कमानीत पोहोचले. मी जनरेटरला डिझेल घालायला तिथंच आलो होतो. धुळीनं माखलेले, हातात बहिणीच्या आहेराचं लुगडं. त्यांनी आत पाहिलं. आपल्या जागी दुसरा उभा. लुगडं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "तिला द्या. म्हनावं, ज्या मांडवात मला कुनी हाक मारली न्हाई तिथं मी पाय टाकत न्हाई. बोलावल्याबिगर तर न्हाईच न्हाई."

आणि गेले. मी मागं पळालो, पण तोवर ते एका ट्रकमध्ये बसले होते.

लुगडं मी बाईंना दिलं, निरोपही दिला. मग या कुणाच्या बहीण! या म्हणाल्या, "उशिरा कोन आलं? मी का तो? लेकीच्या लग्नातून भाऊ पाठ फिरवून गेला. आता माज्या पायानं मी त्याच्या दारात जायची न्हाई." ऐकलंत ना? माझ्या पायानं. शब्द नीट ध्यानात ठेवा.

त्यानंतर दोन्हीकडच्या लोकांनी समजवायचं बाकी ठेवलं नाही. अध्यक्ष महोदय, तुम्हीही गेला होता जिंतूरला. चहा पिऊन परत आला होता. एकच जिद्दी असला तर गाव काही करू शकतं. इथं दोघंही एकाच आईचं दूध प्यालेले! पंचमी यायची, पंचमी जायची. गल्लीतल्या सगळ्या सुनांना मुराळी यायचे. नागुबाई प्रत्येकीची ओटी भरायच्या, प्रत्येक मुराळ्याला जेवू घालायच्या. आणि मग आपल्या ओसरीवर बसायच्या. मी मंडपाचं सामान घेऊन त्या रस्त्यानं जायचो, म्हणून मला दिसायचं. वाईट वाटायचं हो. लय वाईट वाटायचं.

आता पिक्चरकडं परत येतो. शूटिंगच्या दिवशी कपडेवाल्यानं सांगितलं होतं, घरातलंच एखादं चांगलं लुगडं नेसून या. बाईंनी पेटी उघडली आणि कधी घडी न मोडलेलं ते आहेराचं लुगडं नेसलं. का नेसलं? मी विचारलं नाही. पण हिरवं लुगडं, तांबडे काठ, अख्ख्या देशानं पाहिलं. आणि जिंतूरमध्येही एका माणसानं पाहिलं.

मागच्या आठवड्यात मला फोन आला. "शरणार्थ दत्तराव, मी शिवमूर्ती बोलायलोय."

मी हातातली दोरी टाकली. म्हटलं, "आप्पा, बोला की!"

मग म्हणाले, "पोरानं फोनवर सिनिमा दावला. ते लुगडं मी घेतलेलं हाय, दत्तराव. रंग मीच निवडला व्हता. आन ती त्या गुंडाला जे बोलली, ते... ते गुंडाला न्हाई बोलली ती."

मी म्हटलं, "न्हाई आप्पा. तुमालाच बोलली."

"पर त्या दिवशी मला कुनी हाक मारली नव्हती."

मंडळी, तेव्हा मी त्यांना सांगितलं. म्हटलं, "आप्पा, मी माईकवाला मानूस. ह्याच तोंडानं तीनदा पुकारलं. तिसऱ्या बारीला तुमच्या बहिणीनं माज्या मशीनपाशी येऊन हात जोडले म्हनून पुकारलं. माईकचा आवाज मंडपाभोवती जातो, बोरीच्या रस्त्यापर्यंत जात न्हाई, त्याला मी काय करू?"

पलीकडं एक मोठा माणूस लहान लेकरासारखा रडत होता. मी फोन कानाला धरून कनातीच्या ढिगाऱ्यावर बसून राहिलो. मग त्यांनी नाक शिंकरलं आणि म्हणाले, "तिनं शपथ घेतलीय, आपल्या पायानं येत न्हाई म्हनून. आन मी बोलून बसलोय, बोलावल्याबिगर मांडवात पाय टाकत न्हाई. आता ह्या वयात खोटं कोन पडायचं?"

आणि तिथं मला सुचलं! माझ्या टाळक्यात, जिथं आजवर बांबू आणि दोरी सोडून काही शिरलं नव्हतं, तिथं सुचलं! म्हटलं, "आप्पा, कुनी खोटं पडायची गरज न्हाई. सिनिमा बगितला न्हवं? मग पळवून न्या की तिला!"

होय अध्यक्ष महाराज, दचकू नका. कलम लागलं तर माझ्यावर लागू द्या. नागुबाई, बसा. बसा म्हणतो. हा सत्कार खरा आहे, ही शाल खरी, हा नारळ खरा, या टाळ्या तर शंभर टक्के खऱ्या. पण हा सगळा घाट घातला तो तुम्हाला पळवण्यासाठी! यात तुमचे यजमान सामील आहेत. तुमची लेक सामील आहे. तुमच्या कपड्यांची पिशवी आज सकाळी धनश्रीनं भरली, आणि "आई, आज सत्काराला तेच हिरवं लुगडं नेस" म्हणून ती का हटून बसली होती, तेही आता तुम्हाला कळलं असेल. पिशवी भरून ठेवलेली बाई पळवायची नसते, माहेरी न्यायची असते, हे आम्ही तुमच्याकडूनच शिकलो.

आता स्टेजचं माप सांगतो. मागं वळून बघा. तो पडदा सरकव रे बजरंग. दिसली? माझी जीप! फळकं पाडून स्टेजला लावून उभी केली आहे. फळकं आणि स्टेज एका पातळीत, सुताचा फरक नाही. म्हणून स्टेज बुटकं, बन्सीधरराव! नागुबाईंचं पाऊल जमिनीला न लागता त्या गाडीत जातील आणि जिंतूरला आप्पांच्या ओसरीला गाडी तशीच टेकेल. आपल्या पायानं कुठं गेल्या? पळवून नेल्या! शपथ राहिली. शब्द राहिला. उद्या पंचमी आहे, आणि मला वाटतं, माणसंही राहिली.

आता एकच काम बाकी. ते माझं आहे, आणि मला उभं करायचं दुसरं कारणही तेच. इतके दिवस ते माझ्या मानेवर होतं. मंडळी, जरा शांत बसा. लेकरं गप्प करा. तो पंखा बंद कर बजरंग, आवाज चिरतोय.

हॅलो. हॅलो.

नवरीचे मामा... शिवमूर्तीआप्पा, जिंतूर. जिथं असाल तिथून ताबडतोब मंडपात यावं. तुमची बहीण तुमची वाट बघत आहे.

...

आले. कमानीतून बघा. आले हो! वाट द्या, मधल्या खुर्च्या सरकवा, वाट द्या त्यांना! आप्पा, या, या, आता हाक ऐकली ना? आणि हे बघा, तोंडाला उपरणं बांधून आलेत, गुंडच गुंड! काय हो हे, मी असं करायला सांगितलं नव्हतं, हे त्यांचं स्वतःचं डोकं आहे. नागुबाई, तुम्ही कुठं निघालात? स्टेजवरून उतरू नका! पाय जमिनीला लागेल! अहो माप घेऊन स्टेज केलं मी... उतरल्या. गेलं सगळं माप वाया. जाऊ द्या.

बघा, बघा, ओढलं फडकं! पिक्चरात ओढलं तसंच ओढलं!

थांबा, माईक त्यांच्याजवळ नेतो. नागुबाई, कुणी तरी पळवायला आलंय तुम्हाला. एवढी तालीम केली होती. माईक चालू आहे, आता तरी म्हणा, बचाओ!

ऐकलंत? मागं ऐकू गेलं का? बाई म्हणाल्या, "आधी त्याला जेवू घाला. सकाळपासून उपाशी हाय तो, माज्या भावाचं त्वांड मला कळतंय."

मंडळी, मला आता पुढं बोलवत नाही. धनश्री कुंकवाचा करंडा घेऊन उठली आहे, मामा आज भाचीच्या लेकराला पहिल्यांदा उचलतायत. बन्सीधरराव डोळे पुसतायत आणि माशी गेली म्हणतायत. बालाजी फोनवर शूटिंग करतायत. करा, पण या वेळी कट म्हणू नका.

आभार मानायचे म्हणजे कुणाकुणाचे मानू? अध्यक्षांनी आपलं मोलाचं अध्यक्षपद एका अपहरणाला दिलं, पाहुणे मुंबईहून आले, आपण सगळे कामं टाकून आलात, माझ्या गड्यानं, बजरंगनं, पडदा वेळेवर सरकवला, आयुष्यात पहिल्यांदा. सगळ्यांचे मनापासून आभार. माझ्या बोलण्यात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाचा मान खाली-वर झाला असेल, एखादी घरातली गोष्ट मी चव्हाट्यावर आणली असेल, तर या मंडपवाल्याला सांभाळून घ्या. मी बोलायला नवा आहे. पंगत मांडली आहे, पहिलं ताट मुराळ्याला वाढा आणि मग सगळ्यांनी बसा.

आता मी माईक बंद करतो. यापुढं ती दोघं जे बोलतील ते भावा-बहिणीचं आहे, गावानं ऐकायचं नाही.